ळ

शहापुरात, कोरे गल्लीच्या तोंडाला
माझं आठ बाय दहाचं दुकान.
लग्नपत्रिका, पहाणीचे अर्ज, बाराव्याची कार्डं.
दिवसा पोटासाठी टायपिंग,
रात्री शटर अर्धं ओढून
मी एक यंत्र विणलं, लोखंड नसलेलं:
जुन्या फॉन्टमधलं मराठी नव्यात आणणारं,
देवनागरी ओळ कन्नड लिपीत नेणारं
आणि कन्नड ओळ देवनागरीत परत.
अकरा महिने गेले.
मग सगळं उघडं करून ठेवलं, आतल्या धाग्यांसकट.
घ्या. बदला. वाटा. विका सुद्धा.

आबा तेव्हा वडगावात माग चालवत होते.
"काय करूलालास रे रात्रभर?"
सांगितलं.
"आणि पैसे?"
"नाहीत."
आबांनी धोट्याकडे बघितलं,
माझ्याकडे नाही.

त्यांच्या ट्रंकेत नक्षीची कार्डं आहेत,
पुठ्ठ्याची, भोकं पाडलेली, सुतळीत ओवलेली,
त्यांनी स्वतः रचलेल्या काठाची.
एका श्रावणात शेजारच्या रुद्रप्पानं
दोन रात्रींसाठी उसनी नेली,
दिवाळीपर्यंत गल्लीतल्या सात मागांवर तोच काठ.
साडी अडीचशेनं उतरली.
तेव्हापासून ट्रंकेला कुलूप
आणि किल्ली करगोट्याला.

हिशेब मांडला, आबांनाच दाखवायला:
एकतीस हजार लोकांनी उतरवून घेतलं.
जमा: सहाशे चाळीस रुपये,
कडोलीच्या एका मास्तरांकडून पोतंभर रताळी,
आणि एका कंपनीचं पत्र.
हे यंत्र स्वतःच्या डब्यात घालून
ती अठरा हजाराला विकते.
"दोष तातडीने दुरुस्त करावा."
तातडी त्यांची, रात्र माझी.

मराठी पाट्यांसाठी मोर्चा निघाला,
त्याचं पत्रक ह्यातूनच गेलं.
पाटी कन्नडमध्ये मोठी करा, अशी नोटीस
माझ्या दारावर चिकटली,
तिच्यात पूर्णविरामाआधी एक जागा जास्त सुटलेली.
ती माझीच चूक. सहीसारखी.
दोघांनीही पैसे दिले नाहीत.
ह्या गावात दोघांचं इतकं एकमत
मी पहिल्यांदा पाहिलं.

मग पत्रिका कमी झाल्या.
नवऱ्या मुलाचे मित्रच घरी मोबाइलवर मजकूर करून
थेट प्रेसला पाठवू लागले,
माझ्याच यंत्रातून.
पोटच्या पोरानं समोर दुकान टाकावं
आणि वर लिहावं: फुकट.

बंद करायचं ठरवलं होतं.
त्या रात्री सौंदत्तीहून
शिवलीला नावाच्या कुणीतरी कन्नडमध्ये लिहिलं:
सर, तुमच्याकडे ळचा ल होतो.
बेळगावचं बेलगाव होतं.
खाली तिनंच दुरुस्त केलेली ओळ.
एकच.
वेळ रात्री दोन वाजून दहा.

मी घालून बघितलं.
बेळगाव. केळ. काळी. वेळ.
हळ्ळी गेली ती हळ्ळीच परत आली.
जीभ मागे वळून टाळूला लागते तो आवाज,
दोन्हीकडे तोच,
इतकी वर्षं तोंडात असून
मी कधी मोजला नव्हता.
तिला ह्याचे किती द्यायचे,
कुठल्या रकान्यात लिहायचं,
वही उघडी ठेवून बसलो.
रताळ्याच्या ओळीखाली जागा होती,
तिथं नुसतं ळ लिहिलं.

गेल्या महिन्यात माग भंगारात गेला.
किलोवर.
टेम्पो वळेपर्यंत आबा दारात उभे होते.
मग आत येऊन त्यांनी ट्रंक उघडली,
कार्डं काढली, धूळ फुंकली,
म्हणाले,
"त्या सौंदत्तीच्या पोरीला विचार, हवीत काय."
ती विणत नाही, आबा.
"विणत नसू दे की.
भोकं वाचता येत असतील."